गवती चहाचं तेल घरी काढताना आच किती ठेवायची?

कुळागर

नमस्कार मंडळी. पाऊस ओसरला की गवती चहाची कापणी निघते आणि व्यनि (व्यक्तिगत निरोप) यायला लागतात: थर्मामीटर कुठला घ्यायचा, किती अंशांवर ठेवायचं, तेल का येत नाही. प्रत्येकाला वेगळं लिहिण्यापेक्षा एकच धागा काढतो. मी फोंडा तालुक्यातला. पोफळींच्या बांधावर गवती चहा, वाळा, दालचिनी, जायफळ, तिरफळ असं थोडं थोडं आहे. पाच लिटरचं तांब्याचं भांडं, त्यावर घुमट, घुमटातून निघणारी नळी, आणि ती बादलीतल्या थंड पाण्यातून वेटोळी फिरून बाहेर येते. एवढंच माझं अर्कयंत्र.

आधी आचेचं बोलू, कारण सगळे तिथेच अडतात.

गवती चहाच्या वासातला मुख्य घटक सिट्रल. तो एकटा तापवला तर साधारण २२९ अंशांना उकळतो. लवंगेतलं युजेनॉल २५४ ला, निलगिरीतलं सिनिओल १७६ ला. हे आकडे नेटवर वाचून लोकांना वाटतं की भांडं दोनशेच्या वर न्यायला हवं. तसं अजिबात नाही. तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत. न मिसळणारे दोन द्रव एकत्र तापवले की दोघांच्या वाफेच्या दाबांची बेरीज होते, आणि ती बेरीज बाहेरच्या हवेच्या दाबाइतकी झाली की दोघंही बरोबर निघतात. त्यामुळे २२९ ला उकळणारा सिट्रल पाण्याच्या सोबतीनं १०० च्या किंचित खालीच बाहेर पडतो.

म्हणून घुमटातला काटा एकदा ९९-१०० च्या आसपास पोचला की शेवटपर्यंत तिथेच राहतो. गॅस मोठा करा, काटा हलत नाही. मोठ्या आचेनं तापमान वाढत नाही, फक्त वाफ जास्त निघते. आणि जास्त वाफ निघाली की तीन गोष्टी बिघडतात. जोराच्या वाफेबरोबर पानांचा रस आणि पाण्याचे शिंतोडे वर चढतात, अर्क गढूळ येतो. नळीतलं थंड पाणी त्या वाफेला पुरत नाही, आणि न निवलेली वाफ तुमचं तेल घेऊन हवेत जाते. घरभर सुंदर वास सुटला म्हणून खूश होऊ नका, तो वास बाटलीत असायला हवा होता. तिसरं म्हणजे तळाचं पाणी अंदाजाआधी संपतं आणि पानं करपतात.

तेव्हा थर्मामीटरकडे बघत बसू नका. नळीच्या तोंडाकडे बघा. उकळी फुटेपर्यंत आच मोठी चालेल. पहिला थेंब पडला की लगेच आच खाली आणायची. पाच लिटरच्या भांड्याला तासाला अर्धा ते पाऊण लिटर, त्याहून जास्त नको. थेंब सलग पडत राहावेत, फार तर सुतासारखी बारीक धार असावी. धार उसळत, फुसफुसत आली तर आच जास्त आहे. बाहेर पडणारं पाणी बोटाला जेमतेम कोमट लागलं पाहिजे. गरम लागलं तर आधी आच कमी करा आणि मग बादलीतलं पाणी बदला, उलट क्रमानं नाही.

पानांबद्दल थोडक्यात. दव उडाल्यावर कापायची, एक दिवस सावलीत मलूल होऊ द्यायची, मग दोन-तीन इंचांचे तुकडे. उन्हात वाळवू नका. पाणी भांड्याच्या तळाशी, त्यावर जाळी, पानं जाळीवर. उकळतं पाणी पानांना लागता कामा नये.

आणि अपेक्षा माफक ठेवा. किलोभर ताज्या गवती चहातून ३-४ मिली तेल आलं तरी काम चांगलं झालं म्हणायचं.

प्रश्न विचारा. मला येतं ते सांगेन, बाकीचं इथले जाणकार सांगतील.


म्हादईकाठ

कुळागरबाब, धागा अगदी वेळेवर आला. मी वाळपईची. गेल्या महिन्यात पहिल्यांदा यंत्र लावलं. अर्क भरपूर येतो, वासही येतो, पण वर तेलाचा तवंग काही दिसत नाही, आणि वासात मागाहून काहीतरी शिजल्यासारखं, भाजीच्या पाण्यासारखं येतं. पानं ताजी होती, भांडं स्टीलचं आहे, इंडक्शनवर ठेवते. जाळी आहे. काय बघू?


कुळागर

ताई, तीन गोष्टी सांगा. इंडक्शन किती वॉटवर ठेवता? पानं किती दाबून भरता? बाहेर येणारं पाणी हाताला कसं लागतं?


म्हादईकाठ

१६०० वर ठेवते, लवकर व्हावं म्हणून. पानं जास्तीत जास्त मावावीत म्हणून हातानं दाबून भरली होती. पाणी बरंच गरम येतं, बाटली हातात धरवत नाही.


रसायनमास्तर

इथे मी थोडा हिशेब मांडतो, म्हणजे १६०० वॉटनी काय होतं ते दिसेल. मी शाळेत रसायनशास्त्र शिकवायचो, आता निवृत्त आहे.

एक किलो पाण्याची १०० अंशांची वाफ करायला सुमारे २२५७ किलोज्यूल उष्णता लागते. तीच वाफ पुन्हा पाणी होताना तेवढीच उष्णता परत टाकते, आणि ते पाणी १०० वरून ३५ पर्यंत निववायला आणखी २७० च्या आसपास काढावी लागते. म्हणजे दर लिटर अर्कामागे २५०० किलोज्यूल तुमच्या बादलीत जातात. बादलीतल्या एका लिटर पाण्याला २० अंश तापायला ८४ किलोज्यूल पुरतात. भागाकार करा: एक लिटर अर्क निववायला साधारण ३० लिटर थंड पाणी लागतं, आणि तेही २० अंशांनी तापू दिलं तर.

आता आपल्याकडे विहिरीचं पाणीच मुळात २७-२८ अंशांचं. २० अंश वाढलं की ४८ झालं. त्या पाण्यातून जाणाऱ्या नळीत अर्क ३५ ला येणार कसा? १५ लिटरच्या बादलीतलं न बदललेलं पाणी अर्धा लिटर अर्कातच थकतं.

१६०० वॉट पूर्णपणे पाण्यात उतरले तर तासाला अडीच लिटर वाफ. प्रत्यक्षात थोडी कमी, पण दोन लिटर धराच. म्हणजे तासाला ६० लिटर थंड पाणी. ते ताईंनी दिलेलं नसणार. वाफ निवली नाही, तेल उडून गेलं.

६०० ते ७०० वॉटवर आणा. थंड पाणी बादलीच्या तळाशी सोडा आणि गरम झालेलं वरून वाहून जाऊ द्या. गरम पाणी हलकं असतं, वरच साचतं. बरेच जण वरून ओततात आणि खालून काढतात, मग थंड पाणीच वाहून जातं.


कुळागर

सरांनी बरोबर तिथेच बोट ठेवलं. दाबून भरल्याचंही सांगतो. पानं घट्ट कोंबली की वाफेला सगळीकडून जाता येत नाही, ती एखादी पोकळ वाट शोधते आणि तिथूनच सरळ वर निघून जाते. बाकीची पानं नुसती शिजतात. तो भाजीचा वास तिथून येतो. नंतर भांडं उघडून बघा: एका बाजूची पानं पिवळी, मरगळलेली आणि दुसरीकडची अजून हिरवी असतील तर वाफेनं वाट काढली म्हणून समजा. भरताना थराथरानं भरा, हलक्या हातानं सारखी करा, कडेला भांड्याला चिकटून पोकळी राहू देऊ नका. वाफ बहुतेक वेळा कडेनंच पळते.


भाटीवरला

आमची सत्तरी तालुक्यात काजूची भाटी, म्हणजे फेणी गाळायची भट्टी आहे, परवान्याची, आजोबांच्या वेळेपासून. वरचं सगळं वाचून बरं वाटलं, कारण आमच्याकडे थर्मामीटर कधीच नव्हता. फेणीचा सगळा खेळ आचेचा आणि लावणीचा, म्हणजे वाफ निवून जिच्यात जमते त्या मडक्याचा. भाणाखाली, म्हणजे उकळायच्या भांड्याखाली, लाकडं असतात. नीरो (काजूचा आंबवलेला रस) उकळायला लागला की लाकडं मागे ओढायची. लावणीवर करवंटीच्या डवलीनं पाणी ओतत राहायचं, आणि आवाज ऐकायचा. वाफ जोरात गेली की लावणीत गुरगुरल्यासारखा आवाज येतो, लगेच एक लाकूड बाहेर.

जोराच्या आचेचा उर्राक (पहिल्या गाळपाची दारू) आमच्याकडे कोणी घेत नाही. त्याला करपट वास लागतो आणि तो पुढे फेणीतही उतरतो, कितीही गाळा.

सांधा बुजवायला आम्ही वारुळाची माती आणि कापड वापरतो. तुमच्या छोट्या यंत्राला घट्ट मळलेली कणीक पुरेल. घुमट आणि भांड्याच्या मध्ये फिरवून लावा. तापली की वाळून कडक होते, तडा गेला तर ओल्या बोटानं पुन्हा लिंपा. वाफ गळते का बघायला थंडगार स्टीलचा चमचा सांध्याभोवती फिरवा, जिथे ओल धरते तिथे गळती.

एक विनंती सगळ्यांना. पानांचा अर्क आणि तेल काढा, खुशाल काढा. आंबवलेलं काही त्या यंत्रात घालू नका. दारू गाळायला गोव्यात अबकारी परवाना लागतो, घरगुती म्हणून सूट नाही. शिवाय मद्यार्काची वाफ पेट घेते, उघड्या गॅसजवळ ते काम जिवावर बेतेल.


पाटल्यादार

खूप छान धागा. मी पेडण्याची, म्हापशाला शुक्रवारच्या बाजारात कधीकधी घरची मसाल्याची पुडी घेऊन बसते. मला यंत्र घ्यायचं नाही, घरातला जुना प्रेशर कुकर आहे, शिट्टीच्या जागी नळी लावून चालेल का? यूट्यूबवर खूप जण करतात.


कुळागर

ताई, इथे मला ठाम बोलू द्या. कुकरची शिट्टीची नळी बारीक असते. पानाचा एक तुकडा त्यात अडकला तर झाकणाखाली दाब चढत जातो आणि कुकर फुटू शकतो. सेफ्टी व्हॉल्व्ह आहे म्हणून निश्चिंत राहता येत नाही, जुन्या कुकरचा व्हॉल्व्ह तर अजिबात भरवशाचा नाही. अर्कयंत्रात वाफेची वाट कायम मोकळी हवी. कधीही, कुठेही, कोणत्याही कारणानं बंद नको. नळी निदान करंगळीएवढी रुंद असावी आणि तिचं बाहेरचं तोंड अर्काच्या पाण्यात बुडता कामा नये. बुडलं, आणि तुम्ही आच बंद केली, तर भांडं निवताना पाणी उलट आत ओढलं जातं.

कुकरचं रबरही वास धरतं आणि तेलात सोडतं. सिट्रल, सिनिओल असली द्रव्यं रबर आणि प्लास्टिक खातात. प्लास्टिकची नळी नको. सिलिकॉनचीही शक्यतो टाळा. तांबं, स्टील किंवा काच.


पाटल्यादार

समजलं. कुकरचा विचार सोडला. मग स्वस्तात काय?


भाटीवरला

मोठं स्टीलचं पातेलं, मध्ये एक तिवई, तिवईवर वाटी, भोवती पाणी आणि पानं, वरून झाकण उलटं ठेवायचं आणि झाकणावर बर्फ. वाफ झाकणाला लागून निवते आणि टोकावरून वाटीत ठिबकते. तेल मोजता येईल एवढं मिळणार नाही, पण सुगंधी पाणी उत्तम मिळतं. आच अगदी बारीक.


दर्यावर्दी

मी जहाजावर असतो, घर वास्कोला. धाग्याच्या विषयाला धरूनच विचारतो. युरोपात सहकाऱ्यांकडे सुकी वनस्पती तापवायचे व्हेपोरायझर पाहिले. त्यात पाणी नसतं, पानं कोरडीच तापवतात, आणि त्यांचं सगळं बोलणं अंशांचं असतं: निलगिरीला १३०, कॅमोमाइलला १९०, वगैरे. ५-१० अंशांनी चव बदलते म्हणतात. इथे मात्र कुळागरबाब सांगतात की १०० च्या खाली सगळं निघतं. मग हे दोघं बरोबर कसे?


रसायनमास्तर

चांगला प्रश्न. दोघंही बरोबर आहेत, कारण पद्धत वेगळी आहे. व्हेपोरायझरमध्ये पाण्याची वाफ नाही. गरम हवा कोरड्या पानांतून जाते आणि तेल स्वतःच्या दाबावर उडावं लागतं. द्रव त्याच्या उकळबिंदूच्या खालीही उडतो, पण संथ, म्हणून तिथे १३० ते १९०-२०० असे आकडे लागतात. हलके घटक आधी, जड घटक नंतर. पाच-दहा अंशांनी फरक पडतो कारण तिथे तापमानाला थोपवणारं पाणीच नाही. काटा खरोखर वर चढतो, आणि साधारण २३० च्या पुढे पानं काळी पडून धुमसू लागतात. मग ती वाफ राहत नाही, धूर होतो.

तिथे दळण्याचंही महत्त्व आहे. मध्यम, सारखं दळलेलं असेल तर हवा सगळीकडून जाते. पिठासारखं बारीक केलं तर वाट बुजते. दाबून भरलं तर हवा एका बाजूनं पळते आणि तेवढीच बाजू भाजते. म्हणजे म्हादईकाठ ताईंची अडचण आणि तुमच्या सहकाऱ्यांची अडचण एकाच जातीची.

आपल्या यंत्रात पाणी पहारेकरी आहे. ते भांड्यात आहे तोवर पानं १०० च्या वर जाऊच शकत नाहीत. म्हणून नवशिक्याला हा मार्ग जास्त क्षमा करणारा आहे.


कुळागर

आणि कायद्याचं सांगून ठेवतो. २०१९ च्या इलेक्ट्रॉनिक सिगारेट प्रतिबंधक कायद्याच्या व्याख्येत पदार्थ तापवून ओढण्यासाठी वाफ तयार करणारी विजेवरची साधनं येतात, निकोटीन असो वा नसो. भारतात त्यांचं उत्पादन, आयात, विक्री, वाहतूक, साठा, जाहिरात, सगळं बंद आहे. दर्यावर्दीबाब, बॅगेत घालून आणायचा विचार असेल तर करू नका. आणि त्यात लोक जे भरतात त्या गांजासाठी १९८५ चा एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायदा आहेच. या धाग्यावर ती खरेदी-विक्रीची चर्चा नको.


दर्यावर्दी

आणायचा विचार नव्हता, तापमानाचं कोडं होतं. उलगडलं. आभार सर.


आंबोलीघाट

गोव्याचा नाही, शेजारचा. आमच्याकडे पाणी ९८ च्या थोडं खालीच उकळतं, समुद्रसपाटीपासून साधारण ७०० मीटर आहोत. माझा थर्मामीटर बिघडला असं वाटून नवीन आणला होता. उंचावर राहणाऱ्या लोकांनी काटा १०० ला पोचायची वाट बघू नये म्हणून लिहितोय.


कुळागर

हे फार उपयोगाचं. दर ३०० मीटरला अंदाजे एक अंश कमी होतो. तेलावर त्याचा वाईट परिणाम नाही, आच आणि धारेचं गणित तेच.


म्हादईकाठ

काल पुन्हा लावलं. ७०० वॉट, पानं एक दिवस सावलीत, सैल भरली, नळाच्या पाण्याची नळी बादलीच्या तळाला सोडली. बाटलीच्या गळ्यात पिवळसर तेलाचं स्वच्छ कडं दिसलं! वासात शिजल्याचा लवलेश नाही. फोटो टाकते. आता प्रश्न: हे तेल काढायचं कसं? आणि कुठवर चालवायचं, शेवट कसा ओळखायचा?


कुळागर

अभिनंदन ताई, मनापासून आनंद झाला.

तेल काढायला अर्क अरुंद गळ्याच्या बाटलीत घ्या, पाण्यानं पातळी गळ्यापर्यंत आणा, म्हणजे तेलाचं कडं जाड होतं. मग सुई नसलेल्या काचेच्या सिरिंजनं वरून ओढा. गवती चहाचं तेल पाण्याहून हलकं, घनता ०.९ च्या आत-बाहेर, ते वरच राहतं. मात्र लवंग आणि दालचिनीच्या पानांचं तेल पाण्याहून जड असतं, ते तळाशी बसतं. नवीन माणूस वर तवंग नाही म्हणून ते पाणी फेकून देतो आणि तेल मोरीत जातं. दालचिनीची पानं लावाल तेव्हा बाटलीच्या तळाकडे बघा. वाळ्याच्या तेलाची घनता जवळपास पाण्याइतकीच, ते धड वर येत नाही की खाली बसत नाही. त्याला मुद्दाम अर्क थोडा गरम येऊ द्यावा लागतो. कोमट म्हणजे चांगलं हा वरचा नियम वाळ्याला लागू नाही.

शेवट ओळखण्यासाठी दर वीस मिनिटांनी अर्क वेगळ्या बाटलीत घ्या आणि वास घेऊन बघा. गवती चहाचं बहुतेक तेल पहिल्या तास-दीड तासात येतं. लिंबासारखा तीव्र वास उतरून नुसता गवताचा वास यायला लागला आणि तवंग दिसेनासा झाला की थांबायचं. सगळं शोषून घ्यायच्या हट्टानं पुढे चालवलं की शेवटचा मिळमिळीत अर्क पहिल्या चांगल्या अर्कात मिसळतो. वाळ्याचं उलट. त्याची द्रव्यं जड, संथ. मोठ्या कारखान्यांत वाळा बारा-बारा तास आणि त्याहून जास्त चालवतात. घरच्या गॅसवर वाळ्याचं तेल काढायच्या फंदात पडू नका, त्याचं सुगंधी पाणी घ्या. उन्हाळ्यात माठात टाकलेल्या जुडीपेक्षा कितीतरी गडद.


रसायनमास्तर

थोडी भर. तेल लहान, गडद रंगाच्या काचेच्या बाटलीत, गच्च भरून ठेवा. वर हवा राहिली तर सिट्रल बिघडतो. ताईंचं भांडं स्टीलचं आहे, ठीक आहे. तांब्याचं असेल तर प्रत्येक वेळी आधी नुसतं पाणी उकळून वाफेनं धुवा आणि हिरवा गंज दिसला तर लिंबू-मिठानं घासून काढा. इंडक्शनवाल्यांनी तांबं घेऊ नये, साध्या इंडक्शनवर ते तापतच नाही.


पाटल्यादार

सुगंधी पाणी किती दिवस टिकतं? आणि सर्दीला निलगिरीची वाफ घेतो त्यात हे तेल टाकलं तर चालेल ना? माझी नात दीड वर्षाची आहे, तिला नाक चोंदलं की फार त्रास होतो.


औषधपेटी

मी फार्मासिस्ट आहे, मडगावला. या प्रश्नासाठीच लॉगिन केलं. ताई, नातीला नको. लहान मुलांच्या नाकाजवळ निलगिरीचं तेल, मेंथॉल, कापूर काहीही नेऊ नका. श्वासनलिका आकसण्याचा धोका असतो. पोटात गेलं तर आणखी वाईट, निलगिरीच्या तेलाचे थोडेसे मिली सुद्धा मुलांना झटके आणू शकतात. उकळत्या पाण्याच्या भांड्यावर मुलांना वाकवणंही नको, भाजण्याच्या घटना अशाच होतात. तिला मिठाच्या पाण्याचे नाकाचे थेंब आणि डॉक्टर.

मोठ्यांनीही घरी काढलेलं तेल पोटात घेऊ नये, आणि त्वचेवर न पातळ करता लावू नये. गवती चहाच्या तेलानं बऱ्याच जणांच्या कातडीवर लाली येते. खोबरेल तेलात शंभराला एक भाग एवढंच, आणि आधी कोपराच्या आत लावून बघा. दमा असलेल्यांनी कुठलाही तीव्र वास छातीत ओढण्याआधी विचारून घ्यावं. बाटल्यांवर नाव आणि तारीख लिहा, मुलांच्या हाताला लागणार नाहीत अशा ठेवा.

सुगंधी पाण्याला टिकाऊपणा नसतो. वाफेतून आलं म्हणून शुद्ध असलं तरी बाटली उघडी राहिली की जंतू वाढतात. बाटली उकळून घ्या, फ्रिजमध्ये ठेवा, काही आठवड्यांत संपवा. आत ढगासारखं काही तरंगताना दिसलं तर फेका.


कुळागर

फार मोलाचं लिहिलंत. औषधपेटींचा प्रतिसाद संपादकांनी वर लावून ठेवावा ही विनंती.


भाटीवरला

+१.

जागेबद्दलही लिहितो. यंत्र चालू असताना कोणीतरी समोर हवं. आमच्या भाटीवर माणूस उठला तर दुसरा बसतो, मगच उठतो. भांड्यात किती पाणी घातलं आणि बाहेर किती आलं ते मोजत राहा. पाच लिटरच्या भांड्यात दोन लिटर घातलं असेल तर दीड बाहेर आल्यावर बंद.


गवतफूल

मी नवीन सदस्य. काणकोणला थोडी पडीक जमीन आहे, गवती चहा लावून मोठ्या प्रमाणावर तेल काढावं असा विचार आहे. कुठली जात घ्यावी?


कुळागर

जातीवरच सगळं अवलंबून आहे. परसातला चहात टाकायचा गवती चहा वेगळा, त्याला वास चांगला पण तेल कमी. तेलासाठी लखनौच्या सीमॅप संस्थेची कृष्णा, किंवा केरळच्या ओडक्कली केंद्राची सुगंधी, जिला ओडी-१९ म्हणतात, या जाती विचारा. जुने गोवे इथल्या केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेत आणि तुमच्या विभागीय कृषी कार्यालयात आधी बोला. आपल्या जांभ्या मातीत पाणी साचत नाही हे चांगलं, मात्र डिसेंबरनंतर पाणी द्यावं लागेल. आणि गिऱ्हाईक कोण ते आधी ठरवा, यंत्र नंतर. बाजारात तेलाला भाव सिट्रलच्या प्रमाणावर मिळतो. ते ७५ टक्क्यांच्या आसपास असावं लागतं, आणि ते तपासून घ्यावं लागतं. वास चांगला आहे एवढ्यावर कोणी पैसे देत नाही.

मोठ्या टाकीला वाफ वेगळ्या बॉयलरमधून आणतात, आणि बॉयलरला वेगळे नियम, वेगळे परवाने. त्यासाठी स्वतंत्र धागा काढा, मी तिथे येईन.


म्हादईकाठ

एक शेवटचं विचारते. परसातली तिरफळं सुकवून ठेवलीत. त्यांना हीच पद्धत?


कुळागर

पद्धत हीच, तयारी वेगळी. काळी बी आधी काढून टाका, सुगंध सालीत असतो. साल हातानंच किंचित चुरडा, मिक्सरमध्ये पूड करू नका. पूड जाळीतून खाली पडते, तळाशी बसते आणि करपते, उरलेल्याचा गोळा होऊन वाफ अडते. चुरडल्यावर लगेच यंत्रात घाला, ठेवून दिली तर वास तिथेच उडतो. आच गवती चहापेक्षाही कमी ठेवा, ५०० वॉटच्या आसपास बघा, कारण यातले हलके घटक पहिल्या दहा मिनिटांतच धावत येतात आणि बादलीतलं पाणी गरम असेल तर तेच आधी निसटतात. सुरुवातीला बादलीत थोडा बर्फ टाका. तेल वर तरंगेल. आणि खिडक्या उघड्या ठेवा, हा वास डोळ्यांना झोंबतो.


म्हादईकाठ

बी काढायला बसते. रविवारी लावीन, मग इथे कळवते.